वास थांबला की पळा

जाधव बाई लिफ्टला घाबरायच्या. सोनिवलीच्या नव्या टॉवरमध्ये त्यांच्या मुलाने सातव्या मजल्यावर घर घेतलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो जिना किती रुंद आहे हा. त्या कुत्र्यांना घाबरायच्या, फटाक्यांना घाबरायच्या, विजेच्या खांबाला टेकून कुणी उभं असलं तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. घरातून निघताना गॅसचा रेग्युलेटर बंद करायच्या, कुलूप लावायच्या, एक मजला उतरायच्या आणि पुन्हा वर जाऊन बघून यायच्या. पाण्याला तर फारच, कारण पोहता येत नव्हतं. आणि हीच बाई दर पंधरवड्याला खाडीच्या बांधावर उभी राहून दोरीने बाटली पाण्यात सोडायची.

अंबरनाथच्या ज्या ज्युनियर कॉलेजात त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, तिथे पोरांनी त्यांचं नाव भागूबाई ठेवलं होतं. भित्री हे वेगळं म्हणायची गरज नव्हती. आम्लाची बाटली उघडायच्या आधी त्या अख्खा वर्ग खिडक्यांकडे सरकवायच्या. स्वतः दोन वेळा लेबल वाचायच्या, मग एखाद्या मुलीला वाचायला लावायच्या. एकदा कुणीतरी मागून ओरडलं, "मॅडम, आम्ही पाणी तरी प्यायचं का?"

"पी ना," बाई म्हणाल्या. "आधी कुठून आलंय ते विचार, मग पी."

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते. मी बुवापाड्यात वाढले, त्यांच्या जुन्या घराच्या मागच्या गल्लीत. आमच्या घरात डाळी-तांदळाचे डबे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा कारखान्याच्या गेटवर ती वाटायचे; उरलेल्यांवर मी अक्षरं गिरवायचे. मी वाचलेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'आवाहन' होता. त्या सगळ्या पत्रकांमध्ये, मागणी कुठलीही असो, एक वाक्य हटकून असायचं: घाबरू नका. त्यामुळे भीती म्हणजे चोरीसारखं काहीतरी वाईट काम आहे, असं मला लहानपणापासून वाटायचं. भागूबाईंबद्दल माझं मत काय असणार, ते वेगळं सांगायला नको.

पुढे मीच पत्रकं लिहायला लागले. वालधुनीच्या नाल्यात चोरून रसायनं ओतणाऱ्या टँकरांबद्दल मी एक लिहिलं आणि दारोदार वाटत सुटले. बाई निवृत्त होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. अजून बुवापाड्यातच होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी ते पूर्ण वाचलं, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून बघितली.

"हे 'घाबरू नका' कुणी लिहिलं?"

"मी."

"तू कधी घाबरली आहेस?"

"नाही."

"मग तुला त्यातलं काय कळतं? खोड ते. 'घाबरा' असं लिही. 'नीट घाबरा.'"

मला राग आला. "अहो बाई, लोक आधीच घाबरलेत. म्हणून तर गप्प बसलेत."

"ते मालकाला घाबरलेत," बाई म्हणाल्या. "पाण्याला घाबरत नाहीत. उलटं व्हायला पाहिजे." आणि लगेच, "तू चप्पल घालून आत येऊ नकोस, फरशी ओली आहे, पडशील."

त्या दिवसापासून त्या मला 'पत्रकवाली' म्हणायला लागल्या. पुढच्या अमावास्येला मी त्यांच्यासोबत खाडीवर गेले. गेले ते खरं तर वाद पुरा करायला.

वालधुनी अंबरनाथकडून येते, उल्हासनगरच्या पोटातून जाते आणि खाली जाऊन खाडीला मिळते. त्या तोंडाशी खाजण आहे. तिवराची झुडपं, मोरस नावाची खारट भाजी, आणि काळा मऊ चिखल, ज्यात पाय घातला तर चिखलच ठरवतो कधी सोडायचा ते. मधून खाडीचे चिंचोळे फाटे गेलेत. ओहोटीला ते खोल चरांसारखे उघडे पडतात. समुद्र इथून कितीतरी लांब, पण भरती इथपर्यंत येते. बाईंनी नेमकी हीच जागा धरली होती.

"वर कुणी काय ओतलं ते शेवटी इथे येतं," त्या म्हणाल्या, "आणि भरती त्याला बाहेर जाऊ देत नाही. पुन्हा वस्तीकडे ढकलते. हे पाणी वाहतं असं तुला वाटतं ना? ते येरझारा घालतं."

त्यांची पिशवी म्हणजे त्यांच्या सगळ्या भीतींचं बिऱ्हाड होतं. कपडे वाळत घालायची नायलॉनची लांब दोरी. ओला टॉवेल, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. पिण्याचं पाणी, मीठ-साखर, सेफ्टी पिना, शिट्टी. छत्री बारमाही, आणि तिच्या टोकाला शाळेतल्या मुलींच्या वेणीची लाल फीत बांधलेली. ती वाऱ्यासाठी. बांधावर पोचल्यावर बाई आधी छत्री उंच धरायच्या, फीत कुठे उडते ते बघायच्या आणि वारा पाठीवर येईल अशी जागा धरायच्या. मगच बाटली निघायची.

बाटलीला काचेचं बूच असायचं. पाणी भरताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर ओतून पुन्हा. मग दोन ड्रॉपरांनी दोन रसायनं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढरा, दुधासारखा. मी पहिल्यांदा पाहिला तो पांढराशुभ्र. म्हटलं, "वा, स्वच्छ!"

बाईंनी बाटली माझ्यासमोर धरली. "पांढरा म्हणजे यात कुणी श्वास घेऊ शकत नाही," त्या म्हणाल्या. "मासा नाही, किडा नाही. तपकिरी दिसला की मला घरी जाऊन जेवण जातं."

ज्या दिवसांत मी जात होते, त्या दिवसांत त्यांना फारसं जेवण गेलं नाही.

एकदा आमच्या अर्जांना कंटाळून एका कार्यालयातून तपासणीला माणसं आली. जेवणं उरकून, दुपारी, जीपमधून. उधाणाची भरती चढली होती. पाणी बांधाला लागलेलं, वर ऊन चमकत होतं, दोन बगळेसुद्धा होते, साहेबाला दाखवायला बोलावल्यासारखे. साहेब खूश. म्हणाले, "एवढं काही वाईट दिसत नाही हो."

बाई त्यांनाही घाबरल्या होत्या. पदर बोटाला गुंडाळत होत्या. तरी म्हणाल्या, "साहेब, हे समुद्राचं पाणी आहे. आमचं खाली आहे. पाहुण्याची नाडी बघून घरच्याचं दुखणं कळतं का? सकाळी या. ओहोटी संपता संपता या."

"सकाळी ऑफिस असतं, मॅडम."

"हो," बाई म्हणाल्या. "तेच टँकरवाल्यांनाही माहीत आहे."

साहेबांनी भरतीचीच बाटली नेली. अहवाल आला तेव्हा त्यात पाणी 'समाधानकारक' होतं. मी तो चुरगळून फेकला. बाईंनी उचलला, हाताने सरळ केला आणि घडी घालून ठेवला. "खोटा नाही तो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर भीती वाटते."

भीती कशाची, हे त्यांनी मला समजावलं ते चांदीवरून.

उल्हासनगरात नाल्याला लागून एक वस्ती आहे. तिथे सुरेखा नावाची नवी सून होती. लग्नातले पैंजण महिन्याभरात काळे पडले. सासू म्हणाली, नजर लागली. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. पुन्हा घासले, पुन्हा काळे. मग सासू म्हणाली, हिच्याच अंगात काहीतरी खोट आहे. पोरीला ताप येतो, डोकं दुखतं, उलट्या होतात, चांदीलासुद्धा सहन होत नाही. प्रकरण माहेरी पाठवण्यापर्यंत गेलं. माहेरच्यांनी सोनाराला धरलं. सोनार सिंधी, म्हातारा, बोलायला गोड. काळ्या चांदीचं ऐकून बाई आणि मी गेलो तेव्हा सुरेखाचा भाऊ त्याच्या काउंटरवर हात आपटत होता.

"अरे साईं, आवाज नीचे," सोनार म्हणाला आणि बाईंकडे वळला. "अदी, बहन, तुम ही बताओ. चांदी मेरी असली है. हवा इधर की नकली है. उस लाइन का सबका माल काला होके आता है. मैं पॉलिश करके थक गया, बाबा."

"सबका?" बाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. "कौनसे साइड का जास्ती?"

त्या दिवशी आम्ही वस्तीत घरोघर फिरलो. बाई दारात उभ्या राहायच्या आणि हात जोडून म्हणायच्या, "ताई, चांदी दाखवता का जरा?" बायका हसायच्या. कुणी म्हणालं, "चोर पण इतकं इज्जतीत नाय विचारत, मॅडम!" पण दाखवली. जोडवी, छल्ले, देवघरातली निरांजनं, बाळाचे वाळे. नाल्याच्या कडेची काळी, मागच्या रांगेतली तपकिरी, रस्त्यापलीकडची अजून पांढरी. बाई एकेक वस्तू उलटी-सुलटी करायच्या आणि प्रत्येक घरातून निघताना त्यांचा आवाज आणखी बारीक होत जायचा.

सुरेखाच्या सासूला त्यांनी जमिनीवर बसून सांगितलं. खाडीच्या आणि नाल्याच्या काळ्या चिखलात गंधक दडलेलं असतं. कुजून कुजून साठलेलं. ते एरवी गप्प असतं. त्यावर कुणी आम्ल ओतलं की वायू सुटतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो तोच. तोच चांदीला लागतो आणि तोच पोरीच्या डोक्यात जातो.

"वासाची आम्हाला सवय आहे," सासू म्हणाली. "आणि कधी कधी तर येतपण नाय. आधी जाम येतो, मग एकदम जातो. त्या दिवशी बरं वाटतं."

बाईंनी तिचा हात धरला. "एकदम जातो?"

"हां. दार उघडं टाकून बसतो मग."

मी बाईंना अनेकदा घाबरलेलं पाहिलं होतं. तसं कधी नाही. त्या वस्तीभर पुन्हा फिरल्या, प्रत्येक दारात एकच सांगत. थोडा असतो तेव्हा वास येतो. फार झाला की नाकच मरतं. वास येतोय तोवर नाकात जीव आहे. जोराचा येऊन अचानक थांबला, तर समजा आता तो जास्त झालाय. मुलं उचला, वाऱ्याच्या उलट्या दिशेला, उंच जागी. "वास थांबला की पळा," त्या म्हणत होत्या. "थांबला की पळा."

माझ्या पुढच्या पत्रकाला मी हेच नाव दिलं. घाबरू नका हे वाक्य त्यात नव्हतं. बाबांनी वाचून विचारलं, "हे काय? लोकांना भेदरवायला लागलीस?" मी म्हटलं, "हो."

सुरेखा माहेरी गेली नाही. सासूने ते पैंजण घासायचे सोडून दिले आणि दाराच्या खिळ्याला टांगले. मी म्हटलं, चला, धोक्याची घंटा झाली. बाईंनी मान हलवली. "चांदी सावकाश काळी पडते. काल काय झालं ते सांगते. आत्ता काय चाललंय ते नाही." त्यासाठी त्यांच्याकडे कागदाच्या पट्ट्या होत्या, शिशाच्या क्षारात बुडवून घरी वाळवलेल्या. तो वायू आला की पट्टी बघता बघता तपकिरी, मग काळी होते. शिसं विषारी म्हणून बाई त्या पट्ट्यांनाही घाबरायच्या. हातमोजे घालून करायच्या, डबीत ठेवायच्या, दिलेली प्रत्येक पट्टी परत मागून घ्यायच्या.

आता त्या सकाळबद्दल.

अमावास्येचा दुसरा दिवस. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही तेवढीच खोल जाते. खाडीचे फाटे तळापर्यंत उघडे पडतात, आणि खाडीकाठच्या गावातली माणसं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला उतरतात. हिराबाई त्यांच्यातली. साठीची, काटक, बिळात हात घालून चिंबोरी काढायची ती अशी, जणू स्वतःच्या फडताळातून डबा काढतेय. बाईंची ती मैत्रीण झाली होती. बाईंना चिखलाच्या कडेला जपून पावलं टाकताना पाहून ती दर वेळी तेच म्हणायची, "काय गो बाय, खाडी काय चावते का तुला?" तिचा मुलगा मंगेश बांधावर टोपली घेऊन बसलेला असायचा, मोबाइल बघत.

त्या सकाळी वास जास्त होता. बाईंनी छत्री वर धरली. फीत लोंबत राहिली. वारा नव्हता. त्या म्हणाल्या, "निवटे कुठे गेले?"

निवटे म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे. ओहोटीला त्यांचा नुसता खेळ चालतो. मी बघितलं. ते तिथेच होते. पडलेले.

बाईंनी बाटली सोडलीच नाही. निळा लिटमस दोरीला बांधून पाण्याला लावला, वर ओढला. लाल. पट्टीची डबी काढताना त्यांच्या हातातून झाकण पडलं. पट्टी हवेत धरली आणि ती आमच्या डोळ्यांदेखत काळी झाली.

"हिरा!" बाई ओरडल्या. "हिरा, वर ये! टाक ते, वर ये!"

हिराबाई खालच्या फाट्यात होती, छातीएवढ्या उंच चिखलाच्या भिंतींमध्ये. तिने मान वर केली आणि हसली.

"आता नाय वास, बाय. गेला. बरा झाला."

बाईंच्या तोंडून जो आवाज निघाला तो शब्द नव्हता. हिराबाई वळली, दोन पावलं टाकली, आणि कंटाळल्यासारखी खाली बसली.

मंगेशने मोबाइल टाकला आणि धावला. आणि जाधव बाई, ज्या ओल्या फरशीवर चालायला घाबरायच्या, त्यांनी त्याच्यावर उडी घेतली. दोघं बांधावर आडवे. बाईंनी त्याच्या कमरेला मिठी मारली होती.

"सोड ना, म्हातारे! आई हाय माजी!"

"म्हणूनच!"

"मरंल ती!"

"तू उतरलास तर दोघं मराल. खाली हवा नाही. पत्रकवाले, दोरी!"

माझे पाय उताराकडे वळले होते. मी ते ठरवलं नव्हतं; लहानपणापासून वाचलेलं सगळं मला खाली ढकलत होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि इतक्या थंडपणे म्हणाल्या की मी थांबले. "पाऊल टाकलंस तर तुला ओढायला माझ्याकडे दुसरी दोरी नाही."

मी दोरी काढली. बाईंनी ओला टॉवेल मंगेशच्या तोंडावर बांधला आणि म्हणाल्या, "हा फक्त डोळे झोंबू नयेत म्हणून. विषाला हा अडवत नाही, कळलं?" आम्हाला त्या फाट्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथे जमीन उंच होती. दोरी पहिल्यांदा कमी पडली. दुसऱ्यांदा हिराबाईच्या मांडीवर पडली आणि ती तिच्याकडे बघत राहिली, ही कुणाची दोरी म्हणून.

"हिरा," बाई म्हणाल्या. आता ओरडत नव्हत्या, वर्गात बोलतात तसं एकेक शब्द सुटा. "दोरी हाताला गुंडाळ. गुंडाळ. अजून एक वेढा. शहाणी गं माझी. आता सोडू नको."

तिने गुंडाळली. कशी, ते तिलाही नंतर आठवत नव्हतं. आम्ही तिघांनी ओढलं. चिखलाने एवढी एकच मेहरबानी केली: ती त्यावरून होडीसारखी घसरत आली. वर आल्यावर ओकली, खोकली, आणि मुलाला पहिला शब्द बोलली तो, "टोपली?"

हिराबाई वाचली. दवाखान्यात राहावं लागलं. आवाज मात्र बसला तो बसलाच. अजूनही ती बोलते तेव्हा सुपात वाळू घोळवल्यासारखं वाटतं.

दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीवर आम्ही बसलो. बाईंच्या कपातला चहा साडीवर सांडला. त्याच बोलल्या, एकदाच, त्यानंतर कधी नाही.

"माझे वडील कंपनीच्या गटारीत उतरायचे, साफ करायला. आपल्यातलेच उतरायचे, दुसरं कोण उतरतं? एक दिवस वर आले नाहीत. काका बघायला उतरले. तेही आले नाहीत. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा, केवढा शूर. केवढा शूर!" त्यांनी सांडलेला चहा पदराने पुसला. "काका भित्रा असता तर आमच्या घरात एकच बाई विधवा झाली असती."

मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे लिही पत्रकात. वायूचं लिहितेसच. उतरवतात कुणाला, तेही लिही."

मी लिहिलं. काही ठिकाणी छापलंही गेलं. चौकशी नेमली गेली आणि पाण्याचा नमुना घ्यायला जीप आली. दुपारी.

त्यानंतर काही दिवसांनी बाई सोनिवलीला मुलाकडे राहायला गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्या जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या, आणि त्यांच्याशी एक माणूस बोलत होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा, बोलणं अगदी आदबीचं.

"मावशी, तुम्ही लिफ्ट वापरत नाही का? या वयात जिना बरा नाही. पाय घसरला तर?" मग माझ्याकडे बघून, "ताई, तुम्ही सांगा त्यांना. आणि खाडीवर तर किती निसरडं असतं."

तो डबा खालच्या पायरीवर ठेवून गेला. आम्ही हात लावला नाही. बाई कठड्याला धरून पहिल्या मजल्यापर्यंत गेल्या आणि बसल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मला वाटलं, संपलं. आणि मला त्यात काही चूक वाटली नाही. मीही घाबरले होते. तो माणूस 'ताई' म्हणाला तेव्हापासून.

"मला फार भीती वाटतेय गं," त्या म्हणाल्या.

"बाई, सोडून देऊ या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आम्लाचं लेबल वाचायच्या तसं, दोन वेळा.

"सोडलं तर भीती जाईल का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग," त्या म्हणाल्या, "पौर्णिमेला तू लवकर ये. एकटी मी नाही जाणार. मला भीती वाटते."

आम्ही जात राहिलो. बाई एका रस्त्याने गेल्या तर दुसऱ्याने परतायच्या. मुलाला, सुनेला, मला, हिराबाईला, सोनाराला, सगळ्यांना सांगून निघायच्या. गुपचूप काही करायचं नाही हा त्यांचा नियम. "भित्र्या माणसाने गर्दीत राहावं," म्हणायच्या. मंगेशने आपणहून बांधावर एक काठी रोवली आणि तिला पट्टी अडकवायला चिमटा लावला. आता गावातलं कुणीही फाट्यात उतरायच्या आधी पट्टी लावतं, एकजण वर थांबतो, त्याच्या हातात दोरी असते. त्याने खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी. नवीन पोरं त्याची थट्टा करतात. हिराबाई तिच्या बसक्या आवाजात त्यांना शिव्या घालते आणि थट्टा थांबते.

बाई पावसाळ्याच्या तोंडावर गेल्या. घरी, झोपेत, हृदय बंद पडून. त्या माणसाबद्दल मला विचारणारे खूप भेटतात. मीही चौकशी केली. डॉक्टरांना वेगळं काही आढळलं नाही. पुरावा नसताना मी काही छापणार नाही. बाटलीत बुडबुडा राहिला तर बाई नमुना फेकून द्यायच्या. एवढंच लिहिते की टँकर अजून येतात, जीप अजून दुपारी येते, आणि तो मिठाईचा डबा कुणी पाठवला हे मला अजून माहीत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते खाडीवरच. काम झालं होतं. बाटलीचा साका पांढराच होता, पण त्यात अगदी किंचित, चहा सांडलेल्या कपड्याला धुतल्यावर राहते तेवढी, पिवळट झाक होती. बाई बराच वेळ बाटली उन्हात धरून होत्या. मग म्हणाल्या, "माझे डोळे गेलेत का तुला पण दिसतंय?" मी म्हटलं, "दिसतंय." त्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि बांधावर बसून भाकरी खाल्ली, अख्खी.

परतताना आमचे रस्ते वेगळे होते, नेहमीप्रमाणे. त्या बांधावरून पुढे गेल्या, लहान होत गेल्या. मध्ये मध्ये थांबून मागे बघत होत्या. वळणावर पोचल्यावर त्यांनी छत्री उंच धरली. लाल फीत हलली. मला वाटलं, निरोप घेतायत. मीही हात वर केला, जोरजोरात हलवला.

त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. फितीकडे बघत होत्या. वारा बघून झाल्यावर त्यांनी छत्री खाली घेतली, बांधाची बाजू बदलली आणि चालायला लागल्या.